झेर्मिन्यी-दे-प्रे येथील चर्च : पाठ आणि पाठभेद

ल्वार नदीच्या काठाजवळ, ऑर्लेआँ शहराच्या पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरांवर झेर्मिन्यी-दे-प्रे नावाचे एक लहानसे खेडे आहे. फ्रान्समधील सर्वांत प्राचीन चर्चांपैकी एक या खेड्यात उभे आहे, असे प्रवासमार्गदर्शिकांपासून कलेतिहासाच्या ग्रंथांपर्यंत सर्वत्र लिहिलेले आढळते. नवव्या शतकाच्या आरंभी जे चर्च बांधले गेले ते आज उभे आहे, असा या विधानाचा अर्थ. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. ‘बांधले गेले’ आणि ‘उभे आहे’ या दोन्ही क्रियापदांचा संबंध एकाच नामाशी आहे. परंतु ती वस्तूही एकच आहे काय, हा प्रश्न वाक्यरचनेने सुटत नाही. तो सोडविण्यासाठी पाठचिकित्सेकडे वळावे लागते, आणि प्रस्तुत लेखकाने या विषयाकडे वळण्याचे धाडस केले ते त्याच कारणाने. वास्तुशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु हस्तलिखिताच्या संपादकापुढे जे प्रश्न उभे राहतात, तेच या चर्चची डागडुजी करणाऱ्यापुढे उभे होते. आणि त्याने त्यांची जी उत्तरे दिली ती त्याच्या काळातील संपादकांच्या उत्तरांशी विलक्षण जुळणारी आहेत.

प्रथम ग्रामनामाविषयी थोडेसे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये हे गाव ‘जर्मिनियाकुस’ या नावाने येते. शेवटचा ‘-आकुस’ हा गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून लॅटिनमध्ये उतरलेला प्रत्यय असून, अमक्याची जमीन किंवा अमक्याची मालमत्ता असा अर्थ तो देतो. दक्षिण फ्रान्समध्ये त्याचे ‘-आक’ झाले आणि उत्तरेत तो झिजून बहुधा ‘-ई’ एवढाच उरला. ‘दे प्रे’ म्हणजे कुरणांतले. सारांश, ज्या नावाने आपण हे गाव ओळखतो त्यात मूळच्या प्रत्ययाचा केवळ एक स्वर शिल्लक आहे. तरीही नाव तेच, असे आपण मानतो. ध्वनिबदल नियमबद्ध असतो आणि त्याच्या प्रत्येक पायरीचा हिशेब देता येतो, म्हणून तसे मानण्याचा आपल्याला अधिकार पोहोचतो. चर्चच्या बाबतीत असा हिशेब देता येतो का, ते पाहावयाचे आहे.

या चर्चचा निर्माता तेओदुल्फ. जन्माने तो व्हिसिगॉथ, मूळचा स्पेनकडचा. विद्वत्तेच्या बळावर शार्लमेनच्या दरबारी आला. ऑर्लेआँचा बिशप झाला, जवळच्या फ्लरी मठाचे अधिपत्यही त्याच्याकडे आले. जर्मिनियाकुस येथे त्याचा वाडा होता आणि त्या वाड्याला जोडून त्याने स्वतःच्या उपासनेसाठी हे लहानसे देवघर बांधविले. म्हणजे हे मुळात गावचे चर्च नव्हे. एका मोठ्या धर्माधिकाऱ्याचे ते खाजगी प्रार्थनास्थान होते. त्याची आखणीही तशीच होती. चार मध्यवर्ती खांबांमुळे नऊ खणांत विभागलेला चौरस, मधल्या खणावर उंच मनोरा, आणि चारही दिशांना भिंतीबाहेर फुगलेला एकेक ॲप्स, म्हणजे वक्राकार गाभारा. कमानी व गाभारे यांचा आकार घोड्याच्या नालासारखा आत वळणारा आहे, आणि त्या वळणात तेओदुल्फच्या मायभूमीची आठवण अनेकांना दिसली आहे. कोणी त्यासाठी थेट आर्मेनियापर्यंतही गेले आहेत. ८१८ मध्ये सम्राट लुईविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून तेओदुल्फचे पद गेले. त्याला आंझे येथे बंदिवासात ठेवण्यात आले, आणि तीन वर्षांनी तो मरण पावला. त्याचा वाडा राहिला नाही. त्याच शतकात नॉर्मन टोळधाडींत चर्चलाही आगीची झळ पोहोचली.

पुढे बिशपचे देवघर गावाचे चर्च झाले. त्याच्या इतिहासातील हे स्थित्यंतर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते; दुर्दैवाने अभ्यासकांनी त्याचा विचार फारच थोडा केला आहे. एका माणसाच्या प्रार्थनेसाठी बांधलेला चौरस गावकऱ्यांच्या समुदायाला अपुरा पडणार, हे उघड होते. म्हणून पश्चिमेचा गाभारा पाडून तेथे लांबट दालन जोडले गेले. केंद्राभोवती फिरणारी वास्तू एका दिशेने वाटचाल करणारी वास्तू झाली. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा मोठा प्रक्षेप होय. परंतु प्रक्षेप या शब्दात आपण नकळत एक निंदा भरून ठेवली आहे. ज्यांनी तो भाग घातला ते संहिता बिघडवावयास निघाले नव्हते, ते ती वापरीत होते. वापरली गेली नसती तर ती टिकलीही नसती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे चर्च मोडकळीस आलेले, पांढऱ्या चुन्याने झाकलेले असे एक सामान्य ग्रामचर्च होते. १८२०च्या सुमारास पूर्वेच्या गाभाऱ्यातील चुना निघाला आणि त्याखाली मोझाइक, म्हणजे रंगीत काचेच्या व दगडाच्या बारीक खड्यांनी भरलेले भित्तिचित्र, दिसू लागले. गावातील मुले रंगीत खड्यांशी खेळताना आढळली आणि त्यावरून शोध लागला, अशी कथा सांगतात. फ्रान्समध्ये शार्लमेनच्या काळातील अशा प्रकारचे जागच्या जागी टिकलेले चित्र दुसरे नाही. खुद्द सम्राटाच्या आखेन येथील प्रासादमंदिरातील घुमटचित्रही नष्ट झाले. तेथे आज दिसते ते १८८०–८१ मध्ये बेतून द आराखडा देऊन व्हेनिसच्या कारागिरांकडून करवून घेतलेले नवे चित्र आहे. या शोधामुळे झेर्मिन्यीच्या चर्चचे भाग्य पालटले. १८४० मध्ये ऐतिहासिक वास्तूंची पहिली मोठी यादी झाली तीत त्याचे नाव आले, आणि ज्यूस्त लीश या वास्तुकाराच्या हाती १८६७ ते १८७६ या काळात त्याचे पुनःस्थापन झाले.

येथे शब्दाची अडचण येते, ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. लीशच्या कामाला फ्रेंचमध्ये ‘रेस्तोरासियों’ म्हणतात. मराठीत आपण सहज ‘जीर्णोद्धार’ म्हणून मोकळे होतो. पण जीर्णोद्धार ही पुण्यकृत्याची संज्ञा आहे. जे जुने, मोडके झाले ते वर उचलणे, पुन्हा पूजेस योग्य करणे एवढाच तिचा अर्थ. नव्याने घडविलेले रूप जुन्या रूपाशी तंतोतंत जुळले पाहिजे ही अट तीत नाही. फ्रेंच शब्दात ती अट आहे, आणि शिवाय त्याला राजकीय वास आहे. क्रांतीनंतर १८१४–१५ मध्ये बूर्बाँ घराणे गादीवर परत आले त्या कालखंडालाही फ्रेंच इतिहासकार हाच शब्द वापरतात. मधले सर्व पुसून टाकून पूर्वस्थिती परत आणता येते, असा विश्वास त्यात गृहीत धरलेला आहे. म्हणून येथे ‘पुनःस्थापन’ हा काहीसा रुक्ष शब्दच मी वापरीत आहे.

लीशने काय केले? मनोरा उतरवून पुन्हा बांधला. भिंतींचा व कमानींचा बराच भाग नव्या दगडांत उभा केला. गावकऱ्यांनी जोडलेले दालन आखूड करून आपल्या पद्धतीने नव्याने रचले. कमानींवर व मनोऱ्याच्या आत जुने चुनेगच्ची नक्षीकाम आणि मोझाइकचे आणखी काही अवशेष होते. ते या कामात गेले; नक्षीकामाचे थोडे तुकडे ऑर्लेआँच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. पूर्वेचा गाभारा आणि त्यातील चित्र मात्र राहिले. आत शिरताच जी स्वच्छता, जो सारखेपणा, जी दगडाची एकजात फिकट झाक डोळ्यांत भरते ती नवव्या शतकाची नव्हे. ती आधुनिक छन्नीची आहे. एका कुशल वास्तुकाराच्या हातची ती सुवाच्य प्रत आहे. हाच लीश पुढे पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वेस्थानकाची नवी इमारत उभारणार होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो अडाणी नव्हता, आपल्या काळातील उत्तम जाणकारांपैकी होता.

आता त्याच काळात संपादक काय करीत होते ते पाहू. १८५० मध्ये लाखमानने लुक्रेतिउसच्या काव्याची आवृत्ती काढली आणि तिच्या आधारे हस्तलिखितांची वंशावळ लावून त्यांच्या लुप्त पूर्वजापर्यंत पोहोचण्याची पद्धती प्रतिष्ठित झाली. फ्रान्समध्ये या पद्धतीचा अध्वर्यू गास्तों पारी. १८७२ मध्ये, म्हणजे लीशचे पाथरवट झेर्मिन्यीत काम करीत असतानाच, त्याने संत अलेक्सिसच्या जुन्या फ्रेंच चरित्रकाव्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. उपलब्ध प्रतींपैकी कोणतीच त्याने जशीच्या तशी छापली नाही. अकराव्या शतकाच्या मध्यास ही भाषा कशी असावयास हवी होती हे ठरवून त्याने शब्दरूपे, प्रत्यय, लेखनपद्धती या सर्वांत एकसूत्रता आणली. परिणामी सिद्ध झालेली संहिता सुंदर आहे, सुसंगत आहे. आणि तशी ती कोणत्याही प्रतीत कधी लिहिलेली आढळत नाही. त्यापूर्वी सहाच वर्षे व्हियोले-ल-द्युकने आपल्या वास्तुकोशाच्या आठव्या खंडात पुनःस्थापनाची व्याख्या केली होती. तिचा आशय असा की, वास्तू ज्या पूर्णत्वाला आणावयाची ते पूर्णत्व भूतकाळातील कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नसलेलेही असू शकते. दोन क्षेत्रांतील दोन पंडितांचे सिद्धांत इतके एकरूप असावेत हा योगायोग नव्हे. प्रत्येक वस्तूचे एक शुद्ध, आदर्श रूप असते आणि कालौघात जमलेले सर्व काही म्हणजे मळ, ही त्या काळाचीच श्रद्धा होती.

आणि हे साम्य गास्तों पारीला स्वतःला ठाऊक होते. आपल्या प्रस्तावनेत त्याने आपल्या कामाची तुलना वास्तुकाराशीच केली आहे: अकराव्या शतकाने पाहिलेले सँ-झेर्मँ-दे-प्रेचे चर्च पुन्हा रचून दाखविणाऱ्या वास्तुकाराशी. मात्र हे पुनर्रचन कागदावरचे, असे तो जपून म्हणतो. माझ्या मते सर्व विवेचनाची किल्ली या ‘कागदावर’ शब्दात आहे. पारी चुकला असेल, नसेल. त्याने एकही पोथी खरवडली नाही. त्याने टाकून दिलेली रूपे पोथ्यांत सुरक्षित राहिली आणि पुढच्या पिढीला त्याच्याशी भांडण्याची सोय राहिली. ती पिढी भांडलीही. त्याचाच शिष्य जोझेफ बेद्ये याने ‘ले द लाँब्र’ या छोट्या काव्याचे संपादन प्रथम गुरूच्या पद्धतीने केले, आणि नंतर त्या पद्धतीवरचा त्याचा विश्वास उडाला. वंशावळी मांडणारे संपादक जवळजवळ नेहमी दोनच शाखांचा वृक्ष का काढतात, असा अडचणीचा प्रश्न त्याने विचारला. त्याचे कारण त्याला हस्तलिखितांत दिसले नाही; संपादकांच्या मनात दिसले. दोन शाखांचे मत विभागले गेले म्हणजे निर्णय संपादकाच्या हाती येतो. तेव्हा एक चांगली प्रत घ्यावी आणि शक्य तितकी कमी बदलावी, हा १९२८ मधील त्याच्या विवेचनाचा निष्कर्ष. बेद्येशी सर्वस्वी सहमत होण्याचे कारण नाही. एका प्रतीला शरण जाणे हीसुद्धा कधीकधी विचार करण्याचा आळस ठरते. परंतु तो हा वाद करू शकला, कारण पुरावा जागेवर होता. लीशशी असा वाद कोणी कसा करावा? त्याने आपली आवृत्ती मूळ पोथीवरच लिहिली.

या दृष्टीने चर्चच्या बांधकामाच्या सालाचा प्रश्न उद्बोधक आहे. ८०६ हे वर्ष सर्वत्र दिले जाते. त्याचा आधार चर्चमधील खांबांवरचा एक लॅटिन कोरीव लेख. त्यात ३ जानेवारी ही समर्पणाची तिथीही आहे. परंतु हा लेख एकोणिसाव्या शतकात कोरला गेला असावा, असा आक्षेप घेण्यात आला आहे. लेख बनावट ठरला तरी साल चुकीचेच असेल असे नव्हे, तेओदुल्फच्या चरित्राशी ते विसंगत नाही. पण ज्या इमारतीत नवा दगड कोणता आणि जुना कोणता हेच प्रयासाने ओळखावे लागते, तेथे कोरीव अक्षरांची साक्ष दुबळी होते. खोटेपणाचा संशय येथे एका लेखापुरता राहत नाही, तो सर्व शेजाऱ्यांना लागतो.

दुसरे उदाहरण दहाव्या शतकाच्या अखेरचे. मिसी मठातील लेताल्द नावाच्या लेखकाने तेओदुल्फच्या या चर्चचा उल्लेख करताना ते आखेनच्या चर्चप्रमाणे बांधले असे म्हटले आहे. आता आखेनचे चर्च अष्टकोनी, झेर्मिन्यीचे चौरस. तेव्हा लेताल्द चुकला, असे पुष्कळांनी ठरवून टाकले. त्याने वापरलेला शब्द ‘इन्स्तार’ असा आहे. या लॅटिन शब्दात प्रतिमान, तोल, सारखेपणा अशा छटा आहेत. नक्कल ही छटा आपण त्यावर लादतो. १९४२ मध्ये रिचर्ड क्राउटहाइमर यांनी दाखवून दिले की, मध्ययुगात एखादी वास्तू दुसरीची प्रतिकृती आहे असे म्हणताना काही मोजकी लक्षणे जुळली तरी पुरेसे मानले जाई. आकृतीची भूमितीय एकरूपता ही आपली अपेक्षा आहे, लेताल्दची नव्हे. केंद्राभोवतीची रचना, मध्ये उंचावलेला भाग, मोझाइकची शोभा, राजदरबारशी नाते, एवढे त्याला ‘इन्स्तार’ म्हणावयास पुरले असावे. शब्दार्थाच्या इतिहासाकडे दुर्लक्ष केले म्हणजे जुना साक्षीदार खोटा ठरतो, याचे हे छोटे पण चांगले उदाहरण होय.

आता चित्राकडे. गाभाऱ्याच्या अर्धघुमटात ना ख्रिस्त आहे, ना माता मेरी. मध्यभागी जुन्या करारातील कराराचा कोश आहे, त्यावर दोन लहान करूब, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन भव्य देवदूत कोशाकडे निर्देश करीत उभे. वर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर आकाशातून उतरलेला हात. अशा जागी असा विषय अन्यत्र आढळत नाही. त्याचे स्पष्टीकरण बहुतेक अभ्यासक ‘लिब्री कारोलिनी’ या ग्रंथात शोधतात. ७८७ च्या निकेआ येथील धर्मसभेने प्रतिमांना वंदन करण्यास अनुमती दिली. त्या सभेच्या कामकाजाचा लॅटिन अनुवाद शार्लमेनच्या दरबारी आला तो अत्यंत सदोष होता. प्रतिमेला करावयाचे वंदन आणि केवळ ईश्वराला करावयाची उपासना यांसाठी ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द होते. अनुवादकाने त्यांतील पहिल्यासाठीही ‘आदोरातियो’ हाच शब्द वापरला, आणि तो लॅटिन वाचकाला ईश्वरोपासनाच वाटणार होता. फ्रँक पंडित संतापले. त्या संतापातून हा प्रचंड प्रतिवादग्रंथ निर्माण झाला. एका शब्दाच्या अनुवादावरून पूर्व आणि पश्चिम यांच्यात इतके वितुष्ट यावे, ही गोष्ट भाषांतरविचार शिकविणाऱ्याने वर्गात अवश्य सांगावी. ग्रंथातील एक मुद्दा असा की, कोश आणि करूब हे ईश्वराच्या प्रत्यक्ष आज्ञेने घडविले गेले, म्हणून चित्रकाराच्या मर्जीने काढलेल्या प्रतिमांशी त्यांची बरोबरी होऊ शकत नाही. झेर्मिन्यीच्या गाभाऱ्यात नेमका कोशच का, याचे उत्तर येथे मिळते. अर्थात हा ग्रंथ तेओदुल्फचा असेल तर.

तो तेओदुल्फचाच हे बहुतांशी मान्य झाले ते भाषिक पुराव्यामुळे. १९५७ मध्ये ॲन फ्रीमन यांनी व्हॅटिकनमधील हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही प्रत ग्रंथरचना चालू असतानाचीच, खाडाखोडीने भरलेली आहे. मूळ लेखकाची वर्णलेखनाची मोड स्पेनकडील आहे. दरबारातील शोधकांनी ती खरवडून प्रचलित लेखनात बसविली, पण सर्वत्र त्यांचे लक्ष गेले नाही, आणि जेथे गेले तेथेही खरवडलेल्या चर्मपत्रावर माग राहिले. बायबलमधील अवतरणेही अनेक ठिकाणी स्पेनमधील उपासनाविधीत गायिल्या जाणाऱ्या पाठाशी जुळतात. लेखक ती ग्रंथात पाहून लिहीत नव्हता, लहानपणापासून कानांवर पडलेले आठवून लिहीत होता. लुइटपोल्ड वालाख यांनी अल्कुइनचा पक्ष घेऊन दीर्घकाळ विरोध केला. परंतु १९९८ मध्ये फ्रीमन यांची चिकित्सक आवृत्ती निघाली तेव्हा वाद जवळपास मिटला होता. लेखकाची ओळख पटली ती त्याच्या ‘चुकां’वरून, शोधकाला ज्या नाहीशा करावयाच्या होत्या त्यांवरून. झेर्मिन्यीच्या भिंतींत अशा किती चुका असतील? कोणत्या गवंड्याचा हात कोठून आला, चुन्याचे मिश्रण कोणत्या रीतीचे, एखादी कमान वाकडी का? वाकडे सरळ करताना हे सारे गेले.

चित्रही यातून पूर्णपणे सुटलेले नाही. १८४०च्या दशकात थेओदोर क्रेतँ याने त्याची दुरुस्ती केली, आणि आज प्रत्येक अभ्यासकाला खड्यांबरोबरच दुरुस्तीपूर्वीच्या रेखाटनांकडे वळावे लागते. आँद्रे ग्राबार यांनी १९५४ मध्ये या मोझाइकचा सविस्तर विचार केला. २००१ मध्ये फ्रीमन आणि पॉल मेव्हार्ट यांनी असे प्रतिपादन केले की, वरून उतरलेल्या हातावर खिळ्याच्या जखमेची खूण असून तो हात पित्याचा नव्हे, पुत्राचा आहे. हे मत ग्राह्य धरले तर चित्राचा अर्थच पालटतो. जुन्या कराराचा कोश नव्या कराराच्या प्रकाशात पाहावा लागतो. मला हे मत आकर्षक वाटते. परंतु एवढा मोठा अर्थ तळहातावरच्या मोजक्या खड्यांवर तोललेला आहे, हेही विसरता येत नाही. हाताळल्या गेलेल्या संहितेत एका मात्रेवर सिद्धांत उभारताना जी धाकधूक वाटते, तीच येथे वाटते.

लीशवर मी कठोर झालो आहे काय? त्याने हात लावला नसता तर मनोरा कोसळून चित्रासकट गाभारा गेला असता, असे म्हणता येईल, आणि त्याला ठाम उत्तर माझ्याजवळ नाही. शिवाय त्याच्या काळी या विषयाची शिस्तच बनावयाची होती. १९६४ च्या व्हेनिस सनदेने पुढे जे नियम सांगितले, म्हणजे अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापन थांबले पाहिजे, नवा भाग जुन्यापासून ओळखता आला पाहिजे, सर्व कालखंडांतील भर आदरणीय मानली पाहिजे, ते त्याला लागू करणे म्हणजे कायदा मागे नेऊन शिक्षा देणे होय. तरीही एक गोष्ट उरते, आणि तीच मला या सर्व प्रकरणात अधिक सलते. हे नियम ज्याला ठाऊक होते असा एक माणूस हजार वर्षांपूर्वी होऊन गेला होता. तो म्हणजे या चर्चचा निर्माता.

तेओदुल्फने बायबलच्या लॅटिन संहितेचे संपादन केले. त्याच सुमारास अल्कुइनही त्या कामात होता. अल्कुइनचे धोरण वाचकाच्या हाती एक शुद्ध, सरळ पाठ देण्याचे होते, आणि त्याचीच संहिता अधिक पसरली. तेओदुल्फची रीत निराळी. त्याच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या बायबलच्या काही प्रती आजही आहेत, त्यांतील एक ल प्युई येथील कॅथीड्रलच्या संग्रहात, काही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. पॅरिसमधील एका प्रतीत समासात पाठभेद नोंदविलेले आहेत आणि ते कोठले हे एकेका अक्षराने दर्शविले आहे: अल्कुइनच्या पाठासाठी एक खूण, स्पेनच्या पाठासाठी दुसरी. हिब्रू संहितेवरून घेतलेले भेदही त्यांत आहेत. प्रतिस्पर्ध्याचा पाठ आपल्या प्रतीच्या समासात त्याच्या नावानिशी ठेवावयाचा, ही उदारता नवव्या शतकात दुर्मिळ होती. ती आजही फार सुलभ झाली आहे असे नाही. मुख्य पाठ निवडताना त्याने कचरले नाही, पण नाकारलेला पाठ त्याने नष्ट केला नाही. अशा माणसाच्या वास्तूला समास ठेवला गेला नाही.

चर्चच्या मालकीचा प्रश्नही पाठासारखाच थरांचा आहे. प्रथम ते बिशपचे, मग गावच्या उपासकांचे. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने राज्यसंस्था व धर्मसंस्था विभक्त झाल्या आणि त्यानंतरच्या व्यवस्थेत फ्रान्समधील बहुसंख्य जुनी ग्रामचर्चे त्या त्या ग्रामपालिकेची मालमत्ता ठरली. जेथे ग्रामपालिका धर्मविरोधी होती तेथे चर्चे कोसळू दिली जात आहेत, अशी हाकाटी मोरिस बारेस याने उठविली. या विषयावरचे त्याचे पुस्तक १९१४ मध्ये निघाले. ऐतिहासिक वास्तूंविषयीचा मूलभूत कायदा त्याआधी काही आठवडे, ३१ डिसेंबर १९१३ रोजी झाला होता. फ्रेंच लोक अशा ठेव्याला ‘पात्रिम्वान’ म्हणतात, बापाकडून आलेले ते. आपला ‘वारसा’ शब्द अरबीतील ‘वारिस’शी संबंधित, तो घेणाऱ्याकडे पाहतो, देणाऱ्याकडे नव्हे. झेर्मिन्यीच्या बाबतीत मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो. वारस तीन झाले, आणि तिसऱ्याने, म्हणजे इतिहासप्रेमी राज्यसंस्थेने, पहिल्याचा वाटा परत मिळविण्याच्या भरात दुसऱ्याचा वाटा जवळजवळ मोडीत काढला. गावकऱ्यांचे लांब दालन कोणाला सुंदर वाटले नसेल. परंतु कित्येक पिढ्यांच्या बाप्तिस्म्यांचे आणि अंत्यविधींचे ते स्थान होते, आणि त्याचा समासातही उल्लेख राहिला नाही.

गाभाऱ्यातील चित्राच्या खालच्या कडेने निळ्या पट्टीवर चमकणाऱ्या अक्षरांत चार ओळींचा लॅटिन पद्यलेख आहे. तो पाहणाऱ्यालाच संबोधितो: येथे पाहा, असे म्हणून कोश दाखवितो, आणि प्रार्थना करशील तेव्हा तेओदुल्फचे नाव तीत घाल, अशी विनंती करतो. ईश्वरासाठी कवीने योजिलेला शब्द ‘तोनान्स’, गर्जना करणारा, हा रोमन कवींनी ज्युपिटरला लावलेला आहे; प्रतिमांच्या बाबतीत इतका कडक असलेला माणूस शब्दांच्या बाबतीत मात्र ओव्हिडच्या घरी सहज जाऊन येतो. लेखातील ‘येथे’ हे दर्शक पद त्या भिंतीवरच सार्थ आहे, पोथीत उतरवून घेतले तर ते कशाकडेही निर्देश करीत नाही. दुसराही एक लेख होता, मनोऱ्यात, रुपेरी अक्षरांतला. हे देवालय तेओदुल्फने ईश्वराला अर्पण केले, येणाऱ्या प्रत्येकाने त्याची आठवण ठेवावी, एवढाच त्याचा आशय. ज्या ठिकाणी तो होता ते ठिकाण आज त्या स्वरूपात नाही. तो आपल्याला माहीत आहे, कारण फ्लरी मठातील कोणा लेखकाने मठाधिपतींची यादी करताना तो आपल्या पोथीत उतरून ठेवला होता.